शंखीची वहिवाट

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला वसलेल्या भाईंदर, नवघर, राई, मुर्धे आणि मोर्वे या गावांच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या समुद्राचे पाणी बांधाआड घेऊन, उन्हात आटवून मीठ पिकविले गेले. आणि ज्याच्या ओल्या अंगाला मिठाची चिमूट लागताच देहातील पाणी ओसरून जो तडफडत मरतो, असा एक परदेशस्थ प्राणी आज त्याच परिसरात, खाजणे व भातखाचरे बुजवून उठविलेल्या इमारतींच्या कुंपणाआड, ऐन पावसाळ्यात राजरोस हिंडताना दिसतो. मिठागर आणि गोगलगाय यांचे सख्य कोणत्याही न्यायाने संभवत नाही. आणि तरीही ते घडले असेल, तर मधल्या काळात या भूमीचा स्वभावच पालटला असला पाहिजे, आणि तो कसा पालटला हे शोधणे म्हणजेच या प्राण्याचा येथील इतिहास लिहिणे होय.

साष्टीचा इतिहास मुळातच आगंतुकांचा आहे. पोर्तुगीज आले, त्यांनी घोडबंदरला किल्ला उभारला, उत्तन-डोंगरीच्या बाजूला चर्चे बांधली, आणि पपई, अननस, काजू, मिरची ही अमेरिकेतील झाडे कोकणच्या मातीत रुजविली; १७३७ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी हा मुलूख घेतला आणि १७३९ साली पलीकडच्या तीरावरील वसई पडली; १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी बळकावली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली; पुढे १८६४ साली बडोद्याकडून येणारा लोहमार्ग वसईची खाडी ओलांडून मुंबईत उतरला; आणि १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा निराळा काढण्यात आला तेव्हा भाईंदर-मिऱ्याची गावे मात्र ठाणे जिल्ह्याच्याच अंमलाखाली राहिली. या प्रत्येक स्थित्यंतरामागे सनदा, तहनामे, मोजणी आणि जमाबंदी यांचे कागद आहेत. शंखीला, म्हणजे या परदेशस्थ गोगलगायीला, यांपैकी कोणताच कागद लागला नाही. परंतु कागद नसला तरी वहिवाट असते, आणि कोणत्या वाटेने आला, कशावर जगला, कोणी हरकत घेतली अगर घेतली नाही, एवढे पाहून मामलेदार कचेरीत जशी कुळाची वहिवाट ठरविली जाई, तशीच हिचीही ठरविता येण्याजोगी आहे.

गोगलगाय आम्हांला नवी नव्हे. पोटातल्या पायांमुळे म्हणीत जाऊन बसलेली ती इवलीशी, पातळ कवचाची, मृगाच्या पावसाबरोबर भिंतीवर प्रकटणारी गोगलगाय प्रत्येक कोकणी माणसाने लहानपणी काडीने डिवचलेली असते. येथे जिच्याविषयी लिहावयाचे ती तिची आफ्रिकी भगिनी, आणि दोघींमध्ये भगिनीपणाचे साम्य बेताचेच आहे. शास्त्रज्ञ हिला दीर्घकाळ अकॅटिना फुलिका म्हणत आले आणि अलीकडे लिसाकॅटिना फुलिका म्हणू लागले आहेत. महाराष्ट्राचे कृषिखाते आणि त्याच्या मागोमाग शेतकरी हिला शंखी गोगलगाय म्हणतात, आणि शंखी हे नाव तिच्या थाटाला शोभतेही. कवच बहुधा तीन-चार इंच लांब, क्वचित आठ इंचांपर्यंतही वाढणारे. सात ते नऊ वेढ्यांचे, शेंड्याला निमुळते आणि मुखाशी फुगीर. फिकट बदामी रंगावर गर्द तपकिरी उभे ओघळ उतरलेले. असा शंख पाठीवर घेऊन ओलसर भुऱ्या मांसाचा एक लांबट पाय फरशीवरून सरकत जातो आणि मागे चकाकणारी चिकट वाट ठेवतो, तेव्हा प्रथमच पाहणाऱ्याला किळस आणि कौतुक यांपैकी कशाला वाट द्यावी हे कळेनासे होते.

आषाढातील एखाद्या रात्री, सर ओसरून गेल्यावर, मीरा रोडच्या कोणत्याही जुन्या सोसायटीच्या मागील बाजूस दिवा घेऊन जावे. पपईच्या बुंध्यावर, झेंडूच्या वाफ्यात, कचऱ्याच्या पिंपाभोवती आणि विशेषेकरून कुंपणाच्या भिंतीवर या शंखी आढळतील. तिच्या मस्तकावर शृंगांच्या दोन जोड्या असतात. खालची आखूड जोडी गंध व स्पर्श यांसाठी, आणि वरच्या लांब जोडीच्या अग्रावर काळ्या ठिपक्यांएवढे डोळे. बोट जवळ नेताच हातमोज्याचे बोट आतून ओढून उलटे करावे तसे ते शृंग टोकापासून आत ओढले जाते, आणि क्षणभराने पुन्हा हळूहळू बाहेर येते. मुखात चर्वणासाठी एक पट्टी असते. तिच्यावर सूक्ष्म दातांच्या असंख्य ओळी असून त्यांनी ती पान कुरतडते, साल खरवडते, आणि पान व साल नसेल तेव्हा भिंतीही खरवडते. भिंतीचे हे वेड अकारण नाही. एवढे जाड कवच घडवावयाचे तर चुना हवा, आणि तो पानांतून पुरेसा मिळत नाही. म्हणून रंगाचा पोपडा, गिलावा, हाडे, अंड्यांची टरफले, प्रसंगी मेलेल्या सजातीयांची कवचेही तिला वर्ज्य नाहीत. नव्याने सफेदी केलेल्या भिंतीवर सकाळी ज्या वेड्यावाकड्या पुसट रेघा उमटलेल्या दिसतात, त्या रंगाऱ्याच्या हलगर्जीपणाच्या नसून पुष्कळदा हिच्या रात्रभोजनाच्या असतात.

तिच्या प्रजननाची व्यवस्था अशी आहे की, वसाहत स्थापन करण्याच्या दृष्टीने त्याहून सोयीस्कर व्यवस्था कल्पिणे कठीण. प्रत्येक शंखी नरही असते आणि मादीही. तारुण्यात प्रथम नरबीज पक्व होते व मागाहून अंडी तयार होऊ लागतात. दोन शंखींचा समागम झाला म्हणजे पुष्कळदा दोघीही अंडी घालण्यास समर्थ होतात. मिळालेले नरबीज ती लागलेच खर्ची घालते असेही नाही. ते देहात कित्येक महिने राखून ठेवून, जोडीदार पुन्हा भेटला न भेटला तरी, ती फलित अंडी घालीत राहते. एका खेपेस शंभरापासून चारशेपर्यंत अंडी, वर्षातून पाचसहा खेपा, आणि जन्मल्यापासून साधारण सहा महिन्यांत नवी पिढी प्रसवक्षम. अंडी पिवळसर पांढरी, ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढी, कठीण सालीची असून ती ओलसर मातीत बोटभर खोल पुरलेली असतात. आठपंधरा दिवसांत त्यांतून कवचासकट पिले बाहेर पडतात व प्रथम आपल्याच अंड्याचे टरफल खाऊन टाकतात. याचा अर्थ उघड आहे. नवा मुलूख सर करावयाला हिची फौज लागत नाही. समागम होऊन गेलेली एकच शंखी पुरते, किंबहुना तिने मागे टाकलेली ओंजळभर माती पुरते.

उन्हाळ्याचे काय, असा प्रश्न कोणीही करील; कारण जो प्राणी ओलाव्यावाचून क्षणभर चालू शकत नाही त्याने आमचा चैत्र-वैशाख कसा काढावा? तो ती निजून काढते. पाऊस सरला आणि जमीन तडकू लागली म्हणजे ती कुंडीच्या तळाशी, विटांच्या ढिगात, गटाराच्या कडेला भिंतीच्या फटीत जाऊन शरीर पूर्णपणे आत ओढून घेते आणि कवचाच्या मुखावर चुना मिसळलेल्या चिकाचा पापुद्रा चढवून दार बंद करते. श्वसन मंदावते, अन्न तर नसतेच. आणि अशा स्थितीत ती कित्येक महिने राहू शकते. बागेची साफसफाई करताना सापडलेला हा शंख हलका व निर्जीव भासल्यामुळे घरातील मुले तो शोभेची वस्तू म्हणून कपाटावर ठेवतात, आणि जूनमध्ये हवा दमट झाल्यावर तो कपाटावरून चालू लागतो, असा प्रकार एकाहून अधिक घरांत घडलेला आहे.

आता ती कोठून आली ते पाहू. पक्ष्याला पंख असतात, सावरीच्या बीला कापूस असतो, नारळ लाटांवर तरंगतो. शंखीला यांपैकी काहीच नाही आणि रात्रभर चालूनही ती एका बागेतून दुसऱ्या बागेत पोचली तरी पुष्कळ झाले. तरीही आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा, आजच्या केनिया व टांझानियाच्या बाजूचा हा प्राणी अर्ध्या पृथ्वीवर पसरला, तो केवळ माणसाच्या हातून. प्रथम मादागास्कर, तेथून अठराशेच्या सुमारास मॉरिशस, १८२१ साली रियुनियन आणि १८४० साली सेशेल्स, असा त्याचा बेटाबेटांवरून झालेला प्रवास आहे. छातीच्या विकारावर गोगलगायीचे सार गुणकारी, अशी त्या काळच्या फ्रेंचांची समजूत असे, आणि एका गव्हर्नराने आपल्या प्रिय स्त्रीच्या दुखण्यासाठी या शंखी मुद्दाम आणविल्या अशी दंतकथा त्या बेटांवर सांगतात. दंतकथेला प्रमाण मानू नये हे खरे. पण औषधाच्या किंवा खाण्याच्या नावाने आणणे आणि मग परसात मोकळे सोडणे हा क्रम पुढे इतक्या ठिकाणी घडला आहे की, ही कथा स्वभावतः खोटी वाटत नाही.

हिंदुस्थानात तिला आणणारा मनुष्य मात्र दंतकथेतील नाही. विल्यम हेन्री बेन्सन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील मुलकी नोकरीतले अधिकारी, आणि कचेरीच्या कामातून उरलेला वेळ शंखशिंपल्यांच्या अभ्यासाला वाहिलेले व्यासंगी गृहस्थ; हिंदुस्थानातील कितीतरी स्थलचर गोगलगाईंना शास्त्रीय नावे देऊन त्यांचे पहिले वर्णन करण्याचे श्रेय त्यांचेच आहे. १८४७ साली त्यांनी मॉरिशसहून काही जिवंत शंखी कलकत्त्यास आणल्या आणि त्या चौरंगीतील एका बागेत सोडल्या गेल्या. कोणाचे वाईट करावे असा हेतू त्यात नव्हता. जिज्ञासू माणसाच्या हातून सहज घडावी अशी ती कृती होती. पुढे सहा दशकांनी, १९०८ साली, हेन्री गॉडविन-ऑस्टिन यांनी माणसाच्या द्वारे होणाऱ्या स्थलचर शंखांच्या प्रसारावर निबंध लिहिला, तेव्हा त्या बागेतील पाहुण्यांची संतती चांगलीच फोफावलेली होती. हे गॉडविन-ऑस्टिन म्हणजे काराकोरमच्या हिमनद्यांची मोजणी करणारे तेच अधिकारी, ज्यांचे नाव काही काळ के-२ शिखराला चिकटले होते. जगातील दुसऱ्या क्रमांकाचे उत्तुंग शिखर आणि गटाराकाठची गोगलगाय या दोहोंचा मागोवा एकाच माणसाने तितक्याच निष्ठेने घ्यावा, याचा मला व्यक्तिशः फार आदर वाटतो.

कलकत्त्यापुढची हकीकत वेगाने सांगितली तरी चालेल, कारण ती सर्वत्र सारखीच आहे. १९०० साली सिलोन, १९११ च्या सुमारास मलाया, १९१७ साली सिंगापूर, पुढे फॉर्मोसा, १९३६ साली हवाई. रबराच्या आणि चहाच्या मळ्यांबरोबर, रोपांच्या पेट्यांबरोबर, कधी बदकांना खाद्य म्हणून, तर कधी खिशातून. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास प्रशांत महासागरातील बेटांवर जपानी अमलाबरोबर ती अन्न म्हणून गेली, आणि आमच्या अंदमानातही जपानी अमदानीतच तिचे आगमन झाले. १९६१ साली आल्बर्ट मीड या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने तिच्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला, त्यानंतर पाचच वर्षांनी, १९६६ साली, हवाईहून परतणाऱ्या एका मुलाने तीन शंखी फ्लॉरिडातील मायामीस आणल्या व त्याच्या आजीने त्या बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत त्या तीनांच्या अठरा हजारांहून अधिक झाल्या, त्या निपटून काढण्यास दहा वर्षे व सुमारे दहा लक्ष डॉलर लागले. तिचे तेथून उच्चाटन झाले खरे, पण २०११ साली ती त्याच परगण्यात पुन्हा उगवली, आणि २०२१ साली पुन्हा उच्चाटन जाहीर झाल्यावर वर्षभरातच त्याच राज्याच्या दुसऱ्या भागात सापडली. पैसा, कायदा आणि हुंगून शोध घेणारी शिकवलेली कुत्री, हे सर्व हाताशी असलेल्या सरकारची ही कथा.

बंगालमधून ओरिसा, आसाम, बिहार असा तिचा विस्तार जमिनीच्या मार्गाने झाला. केरळात पालघाटच्या बाजूला ती १९५५ च्या सुमारास पोचली. पश्चिम किनाऱ्यावर तिचे पाऊल पडल्यावर मुंबई फार काळ दूर राहणे शक्य नव्हते, कारण कोणत्याही महानगराला ज्या तीन वस्तू सतत बाहेरून लागतात, म्हणजे माती, रोपे आणि लाकूड, त्या तिन्ही हिच्या वाहतुकीची साधने आहेत. कुंडीतील मातीत अंडी, गोणपाटात गुंडाळलेल्या कलमाच्या मुळांशी पिले, फळ्यांच्या चळतीत निजलेली थोराड शंखी. जकातनाका असता तरी त्यावर हा माल कोणी उघडून पाहिला नसता. आरे, पवई आणि राष्ट्रीय उद्यानाची सीमा या टापूंत ती स्थिरावली, आणि तेथून साष्टीच्या उत्तर टोकाला येणे हा केवळ एका मालमोटारीच्या फेरीचा प्रश्न उरला.

परंतु येणे निराळे आणि टिकणे निराळे. माझे मत असे की, जुन्या भाईंदरात ती दहा वेळा आली असती तरी टिकली नसती. त्या गावठाणांची रचना डोळ्यांपुढे आणावी. पश्चिमेस उत्तन, पाली आणि चौक येथे कोळ्यांची वस्ती, वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले, वारा खारट आणि जमीन रेताड. मध्ये राई-मुर्ध्याच्या आगरी व ख्रिस्ती शेतकऱ्यांची भातखाचरे व भाजीचे मळे. आणि या सर्वांना तीन बाजूंनी वेढणारी खाजणे व मिठागरे. दिवाळीनंतर भरतीचे पाणी आत घेऊन वाफ्यावाफ्यांतून फिरवावे, पाणी दाट होत जावे, शेवटच्या वाफ्यात दाणा धरावा, आणि पहिल्या पावसापूर्वी पांढरे ढीग गवताने शाकारून ठेवावेत, असा या भूमीचा वर्षक्रम होता. जिच्या अंगाला खारट चिखल सोसत नाही तिच्यासाठी असे शेकडो एकर म्हणजे तटबंदीच होय. खाचरांच्या बाजूला दुसरा बंदोबस्त होता, तो म्हणजे राब. भाताची रोपे टाकण्यापूर्वी उन्हाळ्यात पालापाचोळा, गवत व शेण वाफ्यावर पसरून भाजण्याची ठाणे जिल्ह्यातील जुनी रीत. आणि तो भाजला जाई नेमका त्याच दिवसांत, जेव्हा अशा जीवांनी भुईत डोके खुपसून निजावयाचे. शिवाय दारोदारी कोंबड्या आणि बदके. हे सर्व कोणी शंखीसाठी योजलेले नव्हते, आणि म्हणूनच ते जेव्हा एकेक करून नाहीसे झाले तेव्हा कोणाला चुकल्यासारखेही वाटले नाही.

१२ जून १९८५ रोजी या परिसरातील काही ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका स्थापन झाली, आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या खानेसुमारीत १,७५,६०५ असलेली वस्ती २००१ साली ५,२०,३८८ आणि २०११ साली ८,०९,३७८ झाली. मुंबईत दोन खोल्या परवडेनाशा झालेल्या कारकून, शिक्षक, गिरणीतून बाहेर पडलेला कामगार, दुकानदार अशा लक्षावधी माणसांना येथे छप्पर मिळाले, आणि त्यांच्या त्या गरजेला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण त्या छपरासाठी खाचरे आणि खाजणे भरावी लागली. खालून खाणीचा मुरूम व मोडतोडीचा रोडा, वरून कोठूनतरी आणलेली तांबडी माती, तिच्यावर हिरवळ, कडेला मेहंदीचे कुंपण आणि रोपवाटिकेतून गाडीभर आणलेल्या कुंड्या. खारट जमिनीवर हात-दोन हात उंचीची एक गोडी जमीन चढली. शंखीला ओलावा हवा, तर टाकीची गळती आणि बागेला दिलेले पाणी उन्हाळ्यातही होते. चुना हवा, तर सिमेंटच्या भिंती आणि रोडा होता. कोवळा पाला हवा, तर हौशी रहिवाशांनी लावलेली पपई, केळ, अळू आणि पुदिना होता. निजावयाला जागा हवी, तर पेव्हर ब्लॉकांखालच्या पोकळ्या होत्या. राब भाजणारा नव्हता, आणि बदके पाळण्यास सोसायटीची मनाई होती. पोर्तुगिजांनी अमेरिकेहून आणलेल्या पपईचा बुंधा इंग्रजाने मॉरिशसहून आणविलेल्या आफ्रिकी शंखीने खरवडावा, तोही गुजराथी, मारवाडी, उत्तर भारतीय, मुसलमान आणि मराठी बिऱ्हाडांच्या सामायिक अंगणात. साष्टीच्या परंपरेशी हे विसंगत आहे असे कोण म्हणेल?

नगरवासीयाला तिचा उपद्रव किळसेपुरताच असतो. चार रोपे गेली तर तो नवी आणतो. खेड्यातील रयतेची गोष्ट निराळी. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, उस्मानाबाद आणि बीड या जिल्ह्यांत सोयाबीन उगवून वर आले न आले तोच गोगलगाईंनी रातोरात कोंब फस्त केले, पेरलेल्या ओळी सकाळी मोकळ्या दिसू लागल्या, आणि कित्येकांवर दुबार, तिबार पेरणीची पाळी आली. टोळधाड, गारपीट, अवर्षण यांची सवय असलेल्या महसूल खात्याला गोगलगाईंचे पंचनामे करण्याचा प्रसंग आला. सरकारने भरपाईही मंजूर केली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने जे उपाय सांगितले त्यांतील पहिला, आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा, अगदी साधा आहे: संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे शेतात ठिकठिकाणी अंथरावीत, आणि सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगाई हाताने गोळा करून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवाव्यात. बांधाच्या कडेने चुन्याच्या भुकटीचा पट्टा ओढणे आणि मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकणे हे त्यापुढचे उपाय. गोळ्या मात्र कुत्र्यामांजरांनाही विषारी, म्हणून सोसायटीच्या बागेत त्या टाकताना दहा वेळा विचार करावा. आणि मीठ सरळ वाफ्यात फेकणाऱ्याने शंखीबरोबर आपली मातीही मारली असे समजावे.

याहून हुशारीचा उपाय करावयास गेलेल्यांची काय गत झाली, तेही नमूद केले पाहिजे. शंखीचा काटा काढण्यासाठी १९५५ साली हवाईत आणि १९७७ साली प्रशांत महासागरातील मूरिआ बेटावर फ्लॉरिडाची मांसभक्षक गुलाबी गोगलगाय मुद्दाम सोडण्यात आली. तिने मोठ्या शंखीकडे दुर्लक्ष करून त्या बेटांवरच्या लहान, निरुपद्रवी, जगात अन्यत्र कोठेही नसलेल्या गोगलगाई खाण्यास आरंभ केला; मूरिआवरील पार्टुला वंशाच्या सातही जाती दहा वर्षांच्या आत रानातून नाहीशा झाल्या, आणि काहींचे बीज तेवढे परदेशांतील प्राणिसंग्रहालयांत उरले. आमच्याकडे भारद्वाज पक्षी गोगलगाई फोडून खातो, काजव्यांच्या अळ्या त्यांच्यावरच वाढतात, घुशीही त्यांचा फडशा पाडतात. या स्वदेशी नोकरांना राहावयाला झुडपे आणि अंधार ठेवला तरी पुष्कळ आहे; पण रात्रभर दिवे जळणाऱ्या आणि काटेकोर कातरलेल्या बागेत भारद्वाजाने घरटे कोठे बांधावे आणि काजव्याने चमकावे कोणासाठी?

आरोग्याची बाजूही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक बारीक कृमी, जो १९३५ साली कँटनमधील उंदरांत प्रथम ओळखला गेला, तो उंदराच्या विष्ठेवाटे गोगलगायीच्या देहात जातो आणि कच्च्या वा अर्धवट शिजलेल्या गोगलगायीतून, किंवा न धुतलेल्या पालेभाजीवर चिकटून राहिलेल्या तिच्या इवल्या पिलातून माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. प्रत्येक शंखी रोगवाहक असते असे नव्हे. पण जेथे उंदीर आणि शंखी एकाच गटाराच्या कडेला नांदतात, तेथे तिला उघड्या हाताने उचलू नये, आणि परसातील पुदिना स्वच्छ धुतल्यावाचून चटणीत घालू नये, एवढे तारतम्य पुरे आहे. याच भीतीच्या भरात सर्वच गोगलगाई मारीत सुटणे मात्र अन्यायाचे होईल. घोडबंदर आणि चेण्याच्या बाजूला, जेथे राष्ट्रीय उद्यानाचे रान खाडीकडे उतरते, तेथे पावसाळ्यात एरिओफँटा वंशाची आमची अस्सल सह्याद्रीवासी गोगलगाय झाडांच्या खोडांवर दिसते. तिची ओळख सोपी आहे. कवचाचा शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे करून धरले असता शंखीचे मुख उजव्या हाताला येते, हिचे डाव्या. कवचही चपटे, उंच मनोऱ्याचे नव्हे. मारण्यापूर्वी एवढी खात्री करून घ्यावयास अर्धे मिनिट पुरते.

राहता राहिला गोळा केलेल्या शंखींच्या विल्हेवाटीचा प्रश्न, आणि येथे मीरा-भाईंदरच्या सुशिक्षित रहिवाशांचे वर्तन पाहून बेन्सनसाहेबांना दोष देण्याचे माझे धैर्य खचते. पुष्कळ सोसायट्यांत माळी सकाळी बादलीभर शंखी वेचतो; कोणी जीवदयेपोटी, कोणी किळसेपोटी त्यांना मीठपाण्यात टाकू देत नाही, आणि ती बादली मग कुंपणापलीकडच्या मोकळ्या भूखंडावर, नाल्याच्या काठी किंवा खाडीकडच्या रस्त्याला जिवंत उपडी केली जाते. भूखंडावर वर्षा-दोन वर्षांत नवी इमारत उठते, तिची बाग सजविण्यासाठी माती आणि कुंड्या येतात, आणि पहिल्या पावसात तेथील रहिवासी जुन्या शेजाऱ्यांकडे चौकशीला येतात की, या शंखी तुमच्याकडेही आहेत काय.